गवताखालचे नाणे आणि हातातले हत्यार

मैदानातल्या गवतात एखादे नाणे पडले आणि सापडले नाही, तर 'गेले' म्हणून आपण ते सोडून देतो. पण ते जाते कोठे? वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही, तर ते जमिनीवरच राहते की खाली उतरते? उतरत असेल तर किती? प्रश्न पोरकट वाटेल. पण धातुशोधक यंत्र घेऊन इंग्लंडच्या कुरणांतून हिंडणाऱ्या हौशी मंडळींना या प्रश्नाचे उत्तर आधी लागते, कारण खणायला कोणते हत्यार घ्यायचे हे त्यावरच ठरते. या उत्तराचा माग काढत आपण मागे गेलो, तर दोन निरनिराळ्या वाटांनी एकाच सालापाशी येऊन पोचतो. ते साल १८८१.

पहिली वाट यंत्राची. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच अडकून राहिली. ती नेमकी कोठे आहे हे कळावे म्हणून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत प्रवर्तनावर चालणारे एक उपकरण तयार केले. धातू जवळ आला की कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये आवाज उमटे. दोनदा प्रयत्न झाला, पण गोळी सापडली नाही. पलंगातल्या पोलादी तारा आवाजात घोटाळा करत होत्या. शिवाय डॉक्टरांची खात्री असल्यामुळे तपासणी शरीराच्या उजव्या बाजूलाच झाली. गोळी मात्र डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. जखमेत पुन्हापुन्हा घातलेली न धुतलेली बोटे व शस्त्रे यांमुळे झालेला जंतुसंसर्ग त्यांना भोवला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. यंत्र फार तर 'येथे धातू आहे' एवढेच सांगते. पुढचे बरेवाईट खणणाऱ्या हातावर असते.

दुसरी वाट गांडुळांची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चार्ल्स डार्विन यांचे गांडुळांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय त्यांच्या मनात चाळीसहून अधिक वर्षे घोळत होता. काही वर्षांपूर्वी कुरणात पसरलेला चुना आता गवताखाली काही इंच खोल गेलेला आहे, हे त्यांच्या मामांनी त्यांना दाखवले होते. त्यावरून १८३७ मध्येच त्यांनी एक निबंध वाचला होता. पुढे १८४२ साली आपल्या डाऊन येथील घराजवळच्या कुरणात त्यांनी खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि तब्बल २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तेथे चर खणला. खडूची पांढरी रेघ सुमारे ७ इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर खोल सापडली. याचा अर्थ वर्षाला साधारण ६ मिलिमीटर.

खडू स्वतःहून बुडाला नव्हता. गांडुळे खालची माती खातात आणि विष्ठेच्या रूपाने ती वर आणून टाकतात. वर नवी माती साचते, खालची पोकळ बिळे ढासळतात आणि वस्तू हळूहळू खाली जाते. हा वेग सगळीकडे सारखा नसतो. कोरड्या, खडकाळ वा आम्ल मातीत गांडुळे कमी, त्यामुळे उतरणेही कमी. आणि गांडुळांचा बराचसा कारभार वरच्या थरातच चालत असल्याने वस्तू त्या थराच्या तळाशी येऊन बहुधा थबकते.

आता या दोन वाटा जोडून पाहू. बेल यांच्यानंतर यंत्र सुधारत गेले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अभियंत्याने सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला; १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि हौशी लोकांच्या हाती आली. यंत्राचे तत्त्व सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र वेटोळ्याला परत जाणवते. पण जाताना आणि येताना असे दोनदा क्षीण झाल्यामुळे हा संकेत अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. वेटोळ्याच्या मानाने अंतर मोठे असेल, तर ते दुप्पट होताच संकेत जवळजवळ चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंतच कळते.

म्हणजे गांडुळांनी जेवढे खाली नेले, जवळपास तेवढेच यंत्राला ऐकू येते. योगायोगच, पण सोयीचा. येथे पहार किंवा टिकाव लागत नाही. वीतभर लांबीचे, अरुंद, मजबूत पाते पुरते. त्याची एक कड करवतीसारखी दातेरी असली, तर गवताची मुळे न उपटता स्वच्छ कापली जातात. आपले खुरपे या कामाला जवळचे वाटेल. पण त्याचे पाते आडवे चालवून तण काढण्यासाठी असते. येथे हवे ते सरळ खाली उतरणारे पाते. कुरणातल्या घट्ट मातीत उभ्याने पायाचा जोर देता यावा म्हणून काही जण लांब दांड्याची अरुंद कुदळी पसंत करतात. बागेतल्या राखलेल्या हिरवळीवर मात्र हातातले छोटे हत्यारच बरे. नाणे दोन बोटे खोल असेल, तर नुसत्या बोथट पितळी सळईनेही ते उचकटून काढता येते. पितळ मऊ असल्याने नाण्यावर ओरखडे कमी उठतात. हत्यार पोलादी असेल तर ते यंत्रापासून दूर ठेवावे लागते, नाहीतर बेल यांच्या पलंगासारखी गत होते.

खणायची रीतही ठरलेली आहे. नाण्याच्या जागेभोवती तीन बाजूंनी कापून गवताची लादी मुळांसकट उचलायची. चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहते. सुटी माती फडक्यावर काढायची, वस्तू सापडली की माती परत भरून लादी झाकायची आणि पायाने दाबायची. पावसानंतर लादी अखंड निघते व जगते. कडक उन्हाळ्यात तीच लादी वाळून तेथे पिवळा ठिपका पडतो.

पण गवत पुन्हा उगवते. जे पुन्हा उगवत नाही ते मातीतल्या थरांचे. नांगरलेल्या शेतात वरची माती आधीच उलटसुलट झालेली असते. जुन्या कुरणात मात्र गांडुळांनी खाली नेलेल्या वस्तूंचा क्रम बराचसा टिकलेला असू शकतो, आणि त्याखाली मानवी वस्तीचे अवशेष अबाधित असू शकतात. तेथे खोल घातलेले पाते वस्तू मिळवून देते, पण तिची हकिगत पुसून टाकते.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला एरिक लॉज यांनी धातुशोधक फिरवला. त्यांना नाणी आणि चांदीचे चमचे दिसू लागले. थोडे उकरल्यावर त्यांनी हत्यार खाली ठेवले आणि पुरातत्त्व खात्याला कळवले. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी उत्खनन केले. काही भाग तर मातीच्या ढेकळासकट उचलून प्रयोगशाळेत नेला. सुमारे १५,००० रोमन नाणी निघाली. पण आमच्या मते त्याहून मोलाचे निघाले ते वेगळेच. वस्तू कशा रचलेल्या होत्या यावरून सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची एक लाकडी पेटी आणि तिच्या आतल्या लहान पेट्या यांचा अंदाज बांधता आला. लाकूड तर केव्हाच कुजले होते! लॉज यांनी सगळे भराभर उपसले असते, तर नाणी मिळाली असती, पेटी मिळाली नसती. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इंग्लंड व वेल्समधील धातुशोधकांसाठीच्या आचारसंहितेत म्हणूनच म्हटले आहे, की शक्यतो नांगरलेल्या जमिनीतच आणि नांगराच्या खोलीपर्यंतच खणावे, योग्य हत्यारे वापरून जमीन कमीत कमी विसकटावी. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो आणि संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. तेव्हा किल्ल्यावर वा पांढरीच्या टेकाडावर हा उद्योग विद्यार्थ्यांना करू देऊ नये.

त्यांनी करण्याजोगा प्रयोग डार्विन यांचा आहे. शाळेच्या आवारातील गवताच्या एका कोपऱ्यात, हातभर चौकोनात, विटेचा चुरा पसरून ठेवा आणि तारीख फळ्यावर नव्हे, वहीत लिहा. दर पावसाळ्यानंतर चौकोनाच्या एका कडेला अरुंद पात्याने छोटी लादी उचला, लाल रेघ किती खाली गेली ते मोजा आणि लादी परत बसवा. पहिल्या वर्षी बहुधा काही दिसणार नाही. आजची पाचवी दहावीत जाईल तेव्हा मात्र वहीत पाच नोंदी असतील, आणि पाते कोठे थांबवायचे हे त्या मुलांच्या हातांना समजलेले असेल.