355 ते 3

शुक्रवार, 3 मे 1991, सकाळ

लोकसभेच्या निवडणुकीची भिंतीभिंतींवर रंगरंगोटी चालली आहे आणि वानखेडेवर रणजी करंडकाची अंतिम लढत सुरू होते आहे. मुंबई विरुद्ध हरियाणा. मुंबईच्या खात्यात 30 विजेतेपदं, त्यांतली 15 ओळीनं, 1958-59 ते 1972-73. हरियाणाच्या खात्यात शून्य. 1985-86 साली एकदा अंतिम फेरी गाठली होती, दिल्लीनं हरवलं.

मुंबईनं शेवटचा करंडक उचलला 1984-85 मध्ये. सहा वर्षं. दुसऱ्या एखाद्या संघानं त्याची फार खंत केली नसती, पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर याला सरळ दुष्काळ म्हणत होते. आणि संघ तर असा की नावं वाचूनच समोरच्याला धडकी भरावी: लालचंद राजपूत, शिशिर हट्टंगडी, कर्णधार संजय मांजरेकर, सचिन तेंडुलकर, दिलीप वेंगसरकर, विनोद कांबळी, चंद्रकांत पंडित. घरचं मैदान, घरचा समुद्रवारा. समोर कपिलदेवचा संघ.

पहिल्या डावानंतर

हरियाणा सर्वबाद 522. सलामीच्या दीपक शर्माचं द्विशतक एका धावेनं हुकलं, 199. चेतन शर्मा 98, अजय जडेजा 94. तिघांना मिळून नऊ धावा कमी पडल्या, संघाला मात्र काहीच कमी पडलं नाही.

मुंबईनं उत्तर चांगलं दिलं. राजपूत 74, संजय पाटील 85, तेंडुलकर 47. पण योगेंद्र भंडारीनं पाच बळी घेतले आणि डाव 410 वर संपला. हरियाणाला 112 धावांची आघाडी.

या सामन्याची आठवण निघाली की सगळे थेट शेवटच्या चेंडूवर जातात. माझ्या मते सामना गेला तो इथं. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ जिंकतो. या नियमाचं दूध पिऊनच तर मुंबईचा फलंदाज मोठा झाला. विकेट फेकायची नाही, आधी आघाडी घ्यायची, मग समोरच्याला लावायचं पळायला. कांगा लीगच्या चिखलात, मैदानांवरच्या टळटळीत उन्हात घोटून घेतलेला हा धडा. त्याच खडूसपणाला लोक मुंबई स्कूल म्हणतात. आता तोच नियम हरियाणाच्या खिशात होता. कपिलला जिंकायची गरज नव्हती, फक्त हरायचं नव्हतं. आणि मुंबईला, जे ती कधी करत नाही तेच करावं लागणार होतं: घड्याळाकडं बघत मारत सुटायचं.

मंगळवार, 7 मे, सकाळ. हव्यात 355

पाचव्या दिवशीही हरियाणा खेळतच आहे. घाई त्यांना कशाला? एकेक षटक खपतंय ते मुंबईच्या वाट्याचं. दुसरा डाव 242 वर आटोपतो आणि लक्ष्य ठरतं: 355, दिवस मावळायच्या आत. त्या काळात पाचव्या दिवशीच्या खेळपट्टीवर इतक्या धावा करायला कुणी निघत नसे. सामना वाचवायला उतरत. पण वाचवून उपयोग नाही, वाचवला की हरलाच.

उन्हं चढताना. हव्यात 321

34 धावांत तीन बळी. मांजरेकरही गेला. बहुतेक ठिकाणी या टप्प्यावर प्रेक्षक डबे उघडतात आणि साडेचारच्या लोकलचा विचार करू लागतात.

खेळपट्टीवर दोघं. एक तेंडुलकर, 18 वर्षांचा, वाढदिवस होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. दुसरा 35 वर्षांचा, शंभरहून अधिक कसोटी खेळलेला, दादर युनियन क्लबच्या शिस्तीत वाढलेला ‘कर्नल’ वेंगसरकर.

दुपार. हव्यात 187

तेंडुलकरनं काय केलं ते आकड्यांत असं: 75 चेंडू, 96 धावा, 9 चौकार, 5 षटकार. आज वीस षटकांच्या सामन्यांमुळे हे आकडे कुणाला दचकवत नाहीत. 1991 मध्ये, अंतिम सामन्याच्या शेवटच्या दिवशी, समोर कपिल आणि चेतन असताना ते वेगळंच होतं. वेंगसरकरबरोबर त्यानं 134 धावा जोडल्या आणि जो सामना सकाळी संपला होता तो पुन्हा उभा राहिला.

मग भंडारीचा चेंडू, जडेजाच्या हातात झेल. 4 बाद 168. याचंही शतक चार धावांनी राहिलं. या सामन्यात शतकांच्या दारात येऊन परत फिरायची साथच आली होती म्हणायची.

चहानंतर

कांबळी येतो, 45 धावा करतो, जातो. त्याच्यामागून एकेक जण येतो आणि एकेक जण जातो. गती राखायची तर मारायला हवं, मारायला गेलं की बळी जातो. हिशेब पुन्हा पहिल्या डावातल्या त्या 112 धावांशी येऊन थांबतो.

वेंगसरकर मात्र तिथंच. पायात गोळे आलेत, धावता येत नाही. म्हणून राजपूत रनर म्हणून मैदानात आलाय.

शेवटचा तास. हव्यात 50

9 बाद 305. शेवटचा गडी अ‍ॅबी कुरुविला, साडेसहा फूट उंचीचा वेगवान गोलंदाज, पहिलाच रणजी हंगाम. एक बळी आणि हरियाणाचा पहिला करंडक.

आता वेंगसरकर सुटला. ज्याच्या कव्हर ड्राइव्हसाठी लोक तिकीट काढत, तो आता उचलून मारत होता. भंडारीच्या एका षटकात 26 धावा. पन्नासच्या चाळीस झाल्या, चाळिसाच्या वीस. ऑफिसं सुटल्यावर चर्चगेटकडं निघालेली माणसं स्टेडियमकडं वळू लागली. कपिलनं क्षेत्ररक्षण पांगवलं तरी चेंडू पांगलेल्या माणसांच्याही पलीकडं जात होते.

त्या घडीला मैदानावर मुंबईची तीन माणसं होती आणि त्यांची व्यवस्था जरा गुंतागुंतीची होती. स्ट्राइक वेंगसरकरकडं असेल, तर मारणार तो आणि स्क्वेअर लेगच्या अंपायरजवळून धावणार राजपूत. स्ट्राइक कुरुविलाकडं असेल, तर वेंगसरकरनं बाजूला जाऊन उभं राहायचं आणि गोलंदाजाच्या टोकाला राजपूत. म्हणजे एका धावेचा निर्णय घ्यायचा तर हाक एकाची, पाय दुसऱ्याचे, आणि ज्यानं दिवसभर डाव ओढला तो काही वेळा नुसता प्रेक्षक. ही जोडी एकत्र धावायची सवय असलेली नव्हती. नेट्समध्ये याचा सराव कोण करतं?

शेवटची षटकं. हव्यात 3

9 बाद 352. वेंगसरकर 139 वर नाबाद: 14 चौकार, 5 षटकार. शेवटच्या जोडीनं 47 धावा केल्यात. चेंडू अजून शिल्लक आहेत. एक चौकार, किंवा तीन वेळा टोक बदलायचं, एवढंच.

राजपूत आणि कुरुविला एका धावेसाठी निघतात. फेक येते. कुरुविला पोहोचत नाही.

सर्वबाद 352. हरियाणा 2 धावांनी विजयी.

त्यानंतर

हरियाणाचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर झेपावत होते. वेंगसरकरला मैदानावरच रडू कोसळलं. शतकानंतरही चेहऱ्यावरची रेष न हलवणारा माणूस असा रडतो, हे मुंबईनं तोवर पाहिलं नव्हतं.

दोष कुणाचा, यावर दादरपासून बोरिवलीपर्यंत पुढं कितीतरी वर्षं वाद झाले. धाव घ्यायलाच नको होती, असं एक मत. कुरुविला अर्ध्यात अडखळला, हे दुसरं. बिचाऱ्याच्या नावावर ती धाव कायमची लागली. 1997 साली तो भारताकडून कसोटी खेळला, त्यावर मात्र कट्ट्यावर कुणी एवढं बोललं नाही. पाटा खेळपट्टीवर 522 देणाऱ्या गोलंदाजीबद्दल तर कुणीच नाही.

मुंबईनं पुढचा करंडक जिंकला 1993-94 मध्ये, आणि मग नेहमीसारखे जिंकत राहिले. हरियाणानं त्यानंतर आजवर एकही जिंकलेला नाही.