लक्ष बदलण्याची किंमत
एक काम सोडून दुसरे हाती घेताना मेंदूला आधीचे नियम बाजूला सारून नवे लावावे लागतात. त्यात वेळ जातो, चुका वाढतात. मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्येच याचा अभ्यास केला होता. रॉजर्स व मॉन्सेल यांच्या १९९५ च्या प्रयोगांत तयारीला अवधी दिल्यावर हा तोटा घटला, पण संपला नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडले की, काम अर्धवट सुटले तर मन तिथेच रेंगाळते. आपल्या वस्त्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला पाणी भरायला, भावाला सांभाळायला दहादा उठवतात. नापास झाली की ‘लक्षच नव्हते’ म्हणतात (मोबाइलला दोष देणे तर आणखी सोपे). विहारातल्या अभ्यासिकेत मुलींसाठी सलग दोन तास राखून ठेवता येतात. त्याला फारसा खर्चही नाही.