मोटारीचं उलटं दार आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला तेव्हा त्यावर लाल पेनाने एकच शब्द लिहिलेला होता: 'कोणाला?'

शीर्षक मी मोठ्या हौसेने दिलं होतं: 'दोन आसनी मोटारींतील मागे बिजागरी असलेल्या दरवाजांचे फायदे व तोटे : एक ऐतिहासिक अभ्यास'. तीन महिने वाचून दोन रकाने भरले होते. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. खाली निष्कर्ष, की तोटे जास्त होते म्हणून ही दारं गेली. मॅडमनी 'फायदे' या शब्दाखाली रेघ मारली होती आणि समासात तो प्रश्न. बस, बाकी काही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय आणि सोबत प्रपोजल लिहिताय. 'अमुकचे फायदे-तोटे' हा विषय आपल्याला चटकन सुचतो, कारण शाळेपासून आपण तेच लिहीत आलोय. म्हणून आज माझीच चूक उलगडून दाखवतो. विषय दाराचा आहे, पण अडचण तुमच्याही प्रपोजलमध्ये असू शकते.

आधी हे दार म्हणजे काय ते बघू. नेहमीच्या मोटारीत दाराची बिजागरी पुढे, काचेच्या बाजूला असते आणि दार मागच्या कडेने उघडतं. काही जुन्या गाड्यांत याच्या बरोबर उलट. बिजागरी सीटच्या मागच्या खांबाला, मूठ पुढे. दार उघडलं की कपाटासारखं मागे जातं. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, 'डुक्कर फियाट' आठवते का. १९५० च्या दशकातल्या त्या फियाट ११०० चे पुढचे दोन्ही दरवाजे असेच होते. सोयीसाठी आपण याला 'उलटं दार' म्हणू.

आता तुम्ही विचाराल, मग मी दोन आसनी गाड्याच का घेतल्या? मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो: 'हीच उदाहरणं का?' माझं उत्तर असं. चार दारांच्या गाडीत उलट्या दाराचा एक फायदा उघड दिसतो. पुढचं दार पुढे, मागचं दार मागे उघडलं की मधे प्रशस्त जागा मिळते. दोन आसनी गाडीत मागचं दारच नसतं, त्यामुळे हा फायदा आपोआप बाद होतो. तरीही १९३० च्या दशकातल्या कितीतरी दोन आसनी गाड्यांना उलटी दारं होती. म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार. उदाहरण निवडताना असा एखादा घटक बाजूला काढता आला तर उरलेलं स्पष्ट दिसतं.

मग कारण काय असेल? इथे 'कोणाला?' हा प्रश्न कामाला येतो.

गाडी बनवणाऱ्याला काय मिळत होतं ते आधी बघू. दाराच्या बिजागऱ्या एका सरळ रेषेत बसाव्या लागतात, नाहीतर दार अडकतं किंवा लोंबतं. त्या काळच्या दोन आसनी गाडीचं पुढचं अंग इंजिनाकडे निमुळतं होत जायचं, बाजूला वेगळे मडगार्ड असायचे आणि दाराच्या पुढची कड बऱ्याचदा तिरपी किंवा वळलेली असायची. सीटमागचा खांब मात्र सरळ, उभा आणि भक्कम. दार तिथे टांगणं सुताराला सोपं होतं. ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या टी-मालिकेतल्या दोन आसनी गाड्या बघा. १९३६ च्या टीए पासून १९५५ ला संपलेल्या टीएफ पर्यंत दारं उलटीच होती.

बसणाऱ्यालाही काही मिळत होतं. उलटं दार पुढच्या बाजूला सताड उघडतं, म्हणजे नेमके पाय जातात तिथे. बुटक्या गाडीत आधी पाठ करून बसायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे, हे सोपं जातं. इटलीची फियाट ५०० 'टोपोलिनो' घ्या. १९३६ ते १९५५ या काळात ती पाच लाखांहून जास्त बनली. ५६९ सीसीचं इंजिन, सव्वातीन मीटरच्या आत लांबी, दोन सीटा आणि दोन उलटी दारं. एवढ्याशा गाडीत पाय ठेवायला मोकळी जागा मिळणं ही चैन नव्हती, गरज होती.

या टप्प्यावर मला एक झकास गृहीतक सुचलं. टी-मालिकेतल्या एमजीचं शरीर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनायचं. १९५५ ला तिच्या जागी एमजीए आली, तिला लाकडी सांगाडा नव्हता आणि दारं पुढे बिजागरीची होती. म्हणजे लाकूड गेलं आणि उलटं दारही गेलं! मी हे वाक्य ठळक अक्षरात लिहिलं होतं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "याला खोटं पाडणारी गाडी शोध, आणि नाही सापडली तरच मला दाखव."

ती दोन दिवसांत सापडली. १९३० च्या दशकातल्या दोन आसनी एसएस जॅग्वार १०० ला उलटी दारं होती. युद्धानंतर १९४८ मध्ये त्याच कंपनीने एक्सके १२० आणली. तिच्या पहिल्या सुमारे २४० गाड्यांचं शरीर लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून बनवलं होतं, आणि दारं होती पुढे बिजागरीची! लाकूड होतं, उलटं दार नव्हतं. माझं ठळक वाक्य तिथेच संपलं.

मग एमजीए आणि एक्सके १२० मध्ये सारखं काय होतं? दोन्हींचा आकार. मडगार्ड शरीरात मिसळून गेले, बाजू रुंद आणि सलग झाली, दाराच्या पुढे बिजागरी बसवायला जागा मिळाली. मुद्दा लाकूड की लोखंड हा नव्हता, दाराच्या पुढे काय होतं हा होता. एकाच कंपनीच्या गाड्या बघून मी दोन एकत्र घडलेल्या गोष्टींना कारण आणि परिणाम समजून बसलो होतो. असं आपण सगळेच करतो. म्हणून गृहीतक सुचलं की आधी त्याचा शत्रू शोधा.

आता तोटे. इथला 'कोणाला?' जास्त गंभीर आहे, कारण यात माणसं मेलीत.

गाडी पळताना दाराचा खटका निसटला तर काय होतं? पुढे बिजागरी असेल तर समोरून येणारी हवा दार बंद राहील अशा बाजूलाच ढकलते. उलट्या दाराची मोकळी कड पुढे असते. जरा फट पडली की हवा आत शिरते आणि दार फटकन मागे फेकते. किती जोरात? साधं गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३०० न्यूटन होतो, म्हणजे जवळपास ३० किलो वजनाइतका जोर. वेग निम्मा केला की जोर चौथाई होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे गल्लीत किरकोळ वाटणारा दोष हमरस्त्यावर जीवघेणा ठरतो. आणि दार उघडल्यावर माणूस सवयीने काय करतो? मूठ पकडायला बाहेर झुकतो. सीटबेल्टचा तर पत्ताच नव्हता.

उभ्या गाडीतही धोका होता. उतरताना एक पाय बाहेर आहे आणि मागून येणारं वाहन दाराला धडकलं, तर नेहमीचं दार पुढे मोडतं. उलटं दार मात्र त्या पायावर मिटतं.

बघा, डावा रकाना बराचसा बनवणाऱ्याचा होता आणि उजवा सगळा बसणाऱ्याचा. मी दोन्हींची बेरीज-वजाबाकी करत होतो, जणू एकाच माणसाचा हिशेब आहे. सुताराची सोय आणि प्रवाशाचा जीव एका तराजूत घातल्यावर निष्कर्ष काय निघणार?

पण इथेही थांबू नका. दोष नक्की बिजागरीचा होता का?

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात मोटार अपघातांतल्या इजांचा मोठा अभ्यास केला. धडकेत दार उघडून माणूस बाहेर फेकला जाणं हे मृत्यूचं मोठं कारण आहे, असं त्यातून पुढे आलं. लक्षात घ्या, तेव्हाच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांची दारं 'सरळ' होती. तरीही ती उघडत होती. गुन्हेगार होता कमकुवत खटका. फोर्डने १९५६ च्या गाड्यांत जास्त पक्के खटके दिले, त्यामागे हेच होतं. उलट्या दाराने हा दोष निर्माण केला नव्हता. खटका निसटण्याची शिक्षा मात्र कित्येक पटींनी वाढवली होती.

मग ही दारं गेली कशी? माझं दुसरं गृहीतक होतं, 'सुरक्षेच्या नियमांनी घालवली'. युरोपातल्या तारखा या बाजूने बोलतात. फियाट ६०० ची दारं १९६४ मध्ये बदलली. सिट्रोएन २सीव्हीची पुढची दारं त्याच वर्षाच्या अखेरीस. १९५७ ला दोन आसनी म्हणूनच बाजारात आलेल्या फियाट नुओव्हा ५०० ची १९६५ मध्ये. सगळं दोन वर्षांत! पण एमजीए दहा वर्षं आधी बदलली होती आणि जॅग्वार त्याहून आधी. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे ५०० चीच बहीण, सामानाला मागे जास्त जागा असलेली 'जिआर्दिनिएरा', १९७७ पर्यंत उलटी दारं घेऊनच बनत राहिली. नियम बऱ्याचदा नव्या मंजुरीच्या गाड्यांना लागतात आणि जुन्या मॉडेलांना सूट मिळते, हे खरं. पण त्यातूनही एवढं नक्की कळतं की बदलाची तारीख सगळ्यांना एक नव्हती. कुठे नवा आकार आला म्हणून दार बदललं, कुठे सुरक्षेची चर्चा वाढली म्हणून. 'नियमामुळे' हा एक शब्द दोन वेगळ्या गोष्टी झाकत होता.

शेवटची गोष्ट नावाची. इंग्रजीत या दारांना 'सुसाइड डोअर' म्हणतात, जर्मनमध्येही तोच अर्थ. इटालियनमध्ये 'कोंत्रोव्हेंतो', म्हणजे वाऱ्याविरुद्धचं. आणि रोल्स-रॉइस आपल्या गाड्यांबद्दल बोलताना म्हणते 'कोच डोअर', म्हणजे बग्गीचं दार. वस्तू एकच. पण इटालियन नाव यंत्रणा सांगतं, कंपनीचं नाव ऐट सांगतं आणि इंग्रजी नाव निकाल देतं. जरा थांबून त्या निकालाकडे बघा. 'आत्महत्या' म्हटलं की दोष कोणावर जातो? बसणाऱ्यावर! निसटणारा खटका बनवला कोणी, हा प्रश्नच पुसला जातो. माझ्या सिनॉप्सिसमध्ये हा शब्द अठरा वेळा होता आणि मला एकदाही तो टोचला नव्हता.

यातून कामाची एक सूचनाही घ्या. जुन्या जाहिराती आणि माहितीपुस्तिकांत शोध घेताना हा शब्द टाकू नका. कुठली कंपनी स्वतःच्या गाडीला आत्महत्येचं दार म्हणेल? त्या काळी बनवणारा काय म्हणत होता, बिजागरी कुठे आहे असं कसं लिहीत होता, ते शब्द आधी शोधा.

आणि गोष्ट संपलेलीही नाही. २०१३ ची रोल्स-रॉइस रेथ चार आसनी असली तरी दोनच दारांची, आणि दोन्ही उलटी. हे आज चालतं कसं? संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २००४ मध्ये ठरलेला पहिला जागतिक तांत्रिक नियम दारांच्या खटक्यांबद्दलच होता. स्वतंत्रपणे उघडणाऱ्या उलट्या दारासाठी त्यात अट आहे: वेग ताशी ४ किलोमीटर किंवा जास्त असेल तर आतली मूठ चालता कामा नये, आणि दार नीट बंद नसेल तर चालकाला इशारा मिळायला हवा. बिजागरी मागेच राहिली. बदलला तो खटका.

माझ्या सिनॉप्सिसचं नवं शीर्षक असं आहे: 'बिजागरी की खटका? दोन आसनी मोटारींच्या दरवाजांचा धोका कोणाचा मानला गेला, १९३६–१९६५'. जुन्यापेक्षा रुक्ष वाटेल, पण यात वर्षं आहेत, उदाहरणांची हद्द आहे आणि चुकीचं ठरू शकेल असं एक म्हणणं आहे.

तुमचं प्रपोजल आता काढा. 'फायदे', 'तोटे', 'परिणाम', 'महत्त्व' हे शब्द जिथे जिथे असतील तिथे पेन्सिलने लिहा: कोणाला? मग दुसऱ्या रंगाने: कधी? आणि तिसऱ्याने: कशाच्या तुलनेत? ज्या शब्दापाशी उत्तर अडेल, तुमचं संशोधन बहुधा तिथूनच सुरू होईल. माझं तरी तिथूनच झालं. मॅडमनी नव्या मसुद्यावरही लाल पेन चालवलं आहेच, पण या वेळी शेवटी 'पुढे लिही' असं आहे.