तोडून राखण्याची विद्या



यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांव तालुका हा कापसाचा मुलूख. तेथील एका खेड्यांत रब्बीच्या दिवसांत घडलेली एक साधी गोष्ट सांगून आजच्या विषयास हात घालतों. हरभऱ्यास पाणी देण्याच्या ऐन वेळीं गांवच्या रोहित्रावरील फ्यूज वारंवार वितळूं लागला. दर वेळीं अंधारांत खांबापर्यंत जावें कोणीं? शेवटीं एका उत्साही गृहस्थानें पेटींतील ठराविक बारीक तारेच्या जागीं चांगली जाड तार घालून दिली. चार दिवस फ्यूज गेला नाहीं; गांवानें त्याची पाठ थोपटली. पांचव्या रात्रीं रोहित्रच जळालें, आणि दुसरें येईपर्यंत हरभरा शेतांत वाळून गेला. त्या गृहस्थाची चूक हेतूची नव्हती, समजुतीची होती. फ्यूज जाणें हाच बिघाड असें त्यास वाटलें. वस्तुतः फ्यूज हा पहारेकरी होता, आणि तो दर रात्रीं ओरडून कांहीं सांगत होता.

विजेच्या संरक्षणाचा सारा इतिहास म्हणजे या पहारेकऱ्याचा इतिहास होय. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवर वीजघर चालूं केलें, तेव्हांपासूनच लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा प्रवाहाच्या वाटेवर ठेवण्याची योजना त्याच्या कामांत होती. कारण उघड आहे. दोन तारा एकमेकींस चिकटल्या अथवा एखादी तार जमिनीस टेकली, कीं प्रवाहास जवळची वाट सांपडते व तो कित्येक पटींनीं वाढतो. प्रवाह दसपट झाला, तर तारेंतील उष्णता दसपट नव्हे, शंभरपट होते. अशा वेळीं कोठें तरी तुटणें अटळच असतें. तें कोठें तुटावें, एवढेंच मनुष्यानें आधीं ठरवावयाचें असतें.

आपल्या महाराष्ट्रांत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १९१५ सालीं. त्या वर्षीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज सुमारें एक लाख व्होल्ट दाबानें मुंबईच्या कापडगिरण्यांकडे धांवूं लागली. एवढ्या दाबाच्या तारेस फ्यूजचा तुकडा पुरत नाहीं. तेथें दोन निराळे सेवक लागतात. एक केवळ पाहणारा, त्यास रिले म्हणतात. दुसरा त्याच्या इशाऱ्यावरून प्रवाह तोडणारा, तो सर्किट ब्रेकर. डोळा आणि हात असे वेगळे झाले, म्हणूनच डोळ्यास विचार करण्यास शिकवितां आलें.

हा विचार तीन प्रकारांनीं होतो. पहिला प्रकार वेळेचा. बिघाडाच्या अगदीं जवळच्या पहारेकऱ्यानें प्रथम तोडावें. त्याच्या मागच्यानें क्षणभर थांबावें, आणि पुढचा चुकला तरच हात घालावा. म्हणजे एका गल्लींतील दोषापायीं सारें शहर अंधारांत जात नाहीं. दुसरा प्रकार हिशेबाचा. १९०४ सालीं इंग्लंडांत मर्झ व प्राइस या दोघां अभियंत्यांनीं त्याचें पेटंट घेतलें. एखाद्या गांवास दोन वेशी असाव्या. एकींतून जितक्या कापसाच्या गाड्या शिरल्या तितक्याच दुसरींतून बाहेर पडाव्या. तूट आली, तर गाडी गांवांतच कोठें अडली हें निश्चित. रोहित्राच्या दोन्ही बाजूंचे प्रवाह असेच ताडून पाहतात. तिसरा प्रकार अंतराचा. दाबास प्रवाहानें भागलें असतां दोष किती लांब आहे याचा अंदाज येतो. तारेचा सुमारें चार-पंचमांश भाग हा रिलेचा पहिला टापू. तेथील दोष त्यानें विनाविलंब तोडावा. त्यापुढील दुसऱ्या व तिसऱ्या टापूंत त्यानें अधिकाधिक धीर धरावा. हें सर्व केवढ्या वेळांत? मोठ्या वाहिन्यांवर दोष दिसल्यापासून प्रवाह तुटेपर्यंत एका सेकंदाचा सुमारें दहावा भाग पुरतो.

परंतु पहारेकरी जितका तीक्ष्ण तितका चांगला, असें मात्र नाहीं. ९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं कॅनडांतील एका जलविद्युत् केंद्राजवळ एका रिलेनें नेहमींच्या वाढत्या भारासच दोष मानून एक वाहिनी तोडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडला, त्याही तुटल्या, आणि न्यूयॉर्कसह सुमारें तीन कोटि लोक अंधारांत गेले. आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अशीच सुटली. तार तुटली नव्हती, कोठें जमिनीस टेकलीही नव्हती. अतिभारामुळें दाब उतरला व प्रवाह चढला, आणि तिसऱ्या टापूच्या रिलेस तो दूरचा दोष भासला. उत्तर भारत अंधारांत बुडाला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तर उत्तर, पूर्व व ईशान्य अशीं तिन्हीं जाळीं कोसळलीं. महाराष्ट्राचें पश्चिमेकडील जाळें त्यांपासून वेळींच विलग झालें, म्हणून तें वांचलें. येथेंही तोडण्यानेंच राखलें.

उलट पहारेकरी मंद असला तर काय होतें, तें पुन्हां मारेगांवाकडील शेतांतच पाहावें. वादळांत तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर मातीच्या विरोधामुळें प्रवाह इतका थोडा वाहतो कीं, उपकेंद्रांतील रिलेस तो एखाद्या पंपाच्या भारासारखाच वाटतो. तार जिवंत राहते, आणि पहांटे बैल घेऊन येणाऱ्यास तिचा पत्ता नसतो. अशा दोषांस ओळखण्याचे उपाय आज निघाले आहेत. तथापि ते पूर्ण निर्दोष नाहींत. म्हणून पडलेली तार मेलेलीच आहे असें कोणींही कधींही मानूं नये. तिच्यापासून दूर राहावें, इतरांसही दूर ठेवावें, आणि वीज कचेरीस तात्काळ कळवावें.

अकारण तोडलें तर अंधार, वेळेवर न तोडलें तर आग किंवा मृत्यु; या दोहोंमधील वाट शोधण्यांत या शास्त्राचें सव्वाशें वर्षांहून अधिक आयुष्य गेलें आहे. ही वाट केवळ अभियंत्यांनाच चालावी लागते असें नाहीं. आपल्या घरांतील फ्यूज अथवा स्विच पुन्हां पुन्हां पडूं लागला, कीं त्याचें तोंड बंद करण्याचा मोह आपणांसही होतो. त्या वेळीं जाड तार शोधण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि तो काय सांगत आहे हें ऐकावें. मारेगांवच्या त्या हरभऱ्यानें एवढें तरी आपणांस शिकविलें आहे.