सफरचंदाची खपली आणि प्रतिकारशक्तीचा शोध

सफरचंदाच्या व्यापारी जाती बियांपासून वाढवीत नाहीत. निवडलेल्या झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधून, म्हणजेच कलम करून, त्या टिकवल्या जातात, आणि त्यामुळे एका जातीची सारी झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. या पद्धतीने फळाची चव आणि रंग जपला गेला, पण रोगापुढचा दुबळेपणाही कलमांबरोबरच बागोबाग पोचला. व्हेंचुरिया इनइक्वॅलिस या बुरशीमुळे होणारा खपली रोग, ज्याला बागायतदार स्कॅब म्हणतात, हे त्याचे ठळक उदाहरण होय. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, वसंतातल्या पावसाबरोबर तिचे बीजाणू उडतात, आणि कोवळी पाने व फळे काळपट डागांनी भरतात. ओलसर प्रदेशात तिच्यासाठी एका हंगामात दहाहून अधिक फवारण्या कराव्या लागतात. काश्मीरच्या खोऱ्यातही १९७३ मध्ये तिची मोठी साथ आली.

या रोगावरचा उपाय एका रानटी झाडात सापडला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सी. एस. क्रँडल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या मालस फ्लोरिबुंडा या जपानी रानसफरचंदाच्या ८२१ क्रमांकाच्या झाडाचा रोम ब्युटी या जातीशी संकर केला होता. त्या संकराची पुढची पिढी विद्यापीठाच्या बागेत राखली गेली, आणि १९४० च्या दशकात एल. एफ. हफ या तरुण संशोधकाने तिच्यापासून मिळालेल्या रोपांची पाने तपासली, तेव्हा निम्म्या रोपांवर खपलीचा डाग नव्हता. निम्मी रोपे निरोगी असणे याचा अर्थ प्रतिकारशक्ती मुख्यतः एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, असा होत होता.

यातूनच पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांचा संयुक्त कार्यक्रम उभा राहिला. रानझाडाचे फळ जेमतेम बोराएवढे असल्यामुळे, खाण्याजोगे फळ मिळेपर्यंत दर पिढीत निरोगी रोपांचा चांगल्या जातीशी पुन्हा संकर करावा लागे, आणि बियांपासून वाढलेले झाड फळायला अनेक वर्षे लागत. प्रिमा ही पहिली जात १९७० मध्ये प्रसारित झाली, म्हणजे मूळ संकरानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने; एका संशोधकाच्या कारकिर्दीत न मावणारे हे काम विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी एकमेकांकडून घेऊन पुढे नेले.

या यशात एक धोका होता, कारण पुढच्या बहुतेक रोगप्रतिकारक जाती त्याच एका जनुकावर उभ्या होत्या. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे त्या जनुकालाही न जुमानणारा बुरशीचा प्रकार नोंदवला. तेव्हा एका झाडात दोन-तीन भिन्न प्रतिकारक जनुके एकत्र आणणे हा मार्ग उरला, मात्र त्यात मूलभूत अडचण होती: काचगृहात बीजाणू फवारून रोपे पारखली, तर एक जनुक असलेले आणि दोन जनुके असलेले रोप सारखेच निरोगी दिसते.

जनुकीय चिन्हकाचे खरे मोल या ठिकाणी कळते. चिन्हक म्हणजे डीएनएचा असा ओळखू येणारा तुकडा, जो इष्ट जनुकाच्या अगदी जवळ असल्याने बहुधा त्याच्याबरोबरच पुढच्या पिढीत जातो. रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यातला डीएनए वेगळा केला आणि तो भाग प्रयोगशाळेत वाढवून पाहिला, की रोपात कोणकोणती जनुके आली आहेत, हे फळ येण्याच्या कितीतरी आधी समजते. १९९० च्या दशकात असे चिन्हक तयार झाले, आणि २०१० मध्ये गोल्डन डिलिशस जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर त्यांचा शोध अधिक सोपा झाला.

तरीही चिन्हक झाडाला लवकर फळवत नाही, की फळाची चव सांगत नाही. तो फक्त डोळ्यांना न दिसणारा भेद दाखवतो. त्याला शोधण्याजोगे जनुक जुन्या झाडांतूनच मिळते, म्हणून रानटी व बिनकामाची वाटणारी झाडे विद्यापीठांच्या बागांत जपणे, हा या विद्येचा पहिला आणि अटळ भाग आहे.