नौकाक्रीडा, पुणे येथील

मुळा व मुठा यांच्या संगमापासून बंडगार्डनपर्यंतच्या संथ जलपट्ट्यात एकोणिसाव्या शतकात रुजलेली क्रीडा. क्रीडानौकांच्या कोणत्याही थांब्यास, मग तो सागरी मरीना असो वा नदीकाठचा धक्का, आसरा, पुरेशी खोली व खेळते पाणी यांची आवश्यकता असते. पुण्यात पहिल्या दोन गोष्टी एका बंधाऱ्याने मिळवून दिल्या. तिसरी पुढे दुर्मिळ झाली.

या नद्यांचे पाणी मुख्यतः पावसाळी असल्यामुळे उन्हाळ्यात पात्र बरेचसे उघडे पडे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने 1850 मध्ये येरवड्याजवळ बंधारा पूर्ण झाला. त्याचा हेतू पाणीपुरवठ्याचा होता, विहाराचा नव्हे. तथापि त्यामागे साठलेल्या पाण्यामुळे वल्हवण्यास योग्य असा विस्तार आपोआप लाभला. त्याच काठावर 1868 मध्ये स्थापन झालेला क्लब पुढे ‘रॉयल कॉनॉट बोट क्लब’ या नावाने प्रसिद्धीस आला. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 चा. त्याच्या वार्षिक ‘रेगाटा’ महोत्सवास, विशेषतः त्यातील नौकांच्या रचना व मशालनृत्य पाहण्यास, पुणेकरांची गर्दी होत आली आहे.

बंधाऱ्यामागील पाणी निर्मळ राहण्यास वरून ताजा प्रवाह येत राहावा लागतो. मुठेवर खडकवासला धरण 1879 मध्ये पूर्ण झाले व तिचे पाणी कालव्यांकडे वळले. मुळेच्या उगमाकडील पाणी मुळशी धरणातून वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे कोकणात उतरविले जाते. (याच धरणाविरुद्ध सेनापती बापट यांचा सत्याग्रह झाला.) प्रवाह असा घटत असता वाढत्या शहराचे सांडपाणी मात्र नदीत येत राहिले. अडलेल्या पाण्यात गाळ बसतो. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर जलपर्णी पोसते, वल्ह्यांना अडथळा करते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. ती यंत्राने काढली, तरी पोषण कायम असल्याने पुन्हा पसरते. म्हणून येथे धक्क्याच्या बांधणीपेक्षा सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न अधिक मूलभूत होय. जपानी अर्थसाहाय्याच्या प्रदूषण-नियंत्रण योजनेतील 11 शुद्धीकरण केंद्रांचा उद्देश हाच आहे. नदीकाठ सुधारणेचे काम त्याहून वेगळे. 2022 मध्ये सुरू झालेल्या या कामात पात्राची रुंदी व काठची झाडे यांवरून नागरिकांनी आक्षेप घेतले आहेत. पूर सामावून घेणारे पात्र आकसल्यास पावसाळ्यात त्याची झळ सखल वस्त्यांस आणि काठच्या नौकागृहांसही पोहोचते.