कर्मचारी-टिकाव, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसे टिकवण्यासाठी वापरलेले करार, आर्थिक लाभ आणि कामातील गुंतवणूक वाढवण्याचे उपाय. सॉफ्टवेअर सेवेचे बिल बहुधा माणसांच्या आणि तासांच्या हिशेबाने लागते. प्रकल्पाच्या मध्यावर जाणकार माणूस गेला, की त्याने जमवलेली माहितीही जाते आणि नव्याला तयार करण्याचा खर्च कंपनीवर पडतो.

पूर्वपीठिका : इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली, १९८३ मध्ये ती बंगळूरुला गेली. १९९० मध्ये पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, त्याच वर्षी आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना इन्फोसिसने १९९४ मध्ये आणली.

गळतीचे प्रमाण : मोठ्या कंपन्या तिमाही निकालांबरोबर मागील बारा महिन्यांतील गळती जाहीर करतात. इन्फोसिसमध्ये जून २०२२ अखेर ती २८.४ टक्के, तर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये (टीसीएस) सप्टेंबर २०२२ अखेर २१.५ टक्के होती. जून २०२४ पर्यंत हे आकडे अनुक्रमे १२.७ आणि १२.१ टक्क्यांवर उतरले. या उतरणीचे श्रेय कंपन्यांच्या टिकाव-धोरणांना सरसकट देता येत नाही. याच काळात बाजारातील भरतीही मंदावली होती. फ्रेशरचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास राहिला. जागेवर बसून मिळणारी हाइक आणि कंपनी बदलून मिळणारी हाइक यांतील फरक हे पेपर टाकण्याचे सर्वांत साधे कारण आहे.

कराराची बंधने : अनेक कंपन्यांत नोटीस पीरिअड ९० दिवसांचा असतो. त्यामुळे माणूस टिकतोच असे नाही. पहिली ऑफर हातात असताना त्या तीन महिन्यांत तो दुसरी मिळवतो, जुनी कंपनी काउंटर ऑफर देते, आणि नव्या कंपनीला तो रुजू होईपर्यंत खात्री नसते. रिलीव्हिंग लेटर अडवणे हा दबावाचा दुसरा मार्ग.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपुरता शून्य ठरतो. मात्र नोकरीच्या मुदतीतील बंधन आणि नोकरीनंतरचे बंधन यांत न्यायालये भेद करतात. या बाबतीतला पायाभूत निकाल महाराष्ट्रातील आहे. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीत पाच वर्षांच्या करारावर असलेले निरंजन शंकर गोलिकरी मुदतीआधीच राजस्थानातील स्पर्धक कंपनीत गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कराराच्या मुदतीपुरते बंधन वैध धरले. खटला टायरच्या धाग्याचा, पण सॉफ्टवेअरमधील बाँडच्या वादांनाही तो लागू पडतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही न्यायालयाने वैध ठरवली.

एप्रिल २०२२ मध्ये पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने इन्फोसिसच्या एका अटीविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. नोकरी सोडल्यावर सहा महिने, त्याच ग्राहकाचे काम असेल तर, नाव दिलेल्या स्पर्धक कंपन्यांत जाऊ नये, अशी ती अट होती. गोपनीय माहितीच्या रक्षणासाठी ही प्रचलित पद्धत आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. अशा तक्रारींत आणखी एक प्रश्न येई: सॉफ्टवेअर अभियंता २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील ‘कामगार’ व्याख्येत बसतो का, हे पदनामावर नव्हे तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरत असे.

कामातील गुंतवणूक : १९९० मध्ये विल्यम कान यांनी ही संकल्पना मांडली. कामाला अर्थ वाटणे, मोकळेपणाने बोलण्याची सुरक्षितता असणे आणि अंगात त्राण उरणे या तिच्या तीन अटी. वार्षिक सर्वेक्षणे आणि टीम आउटिंग यांतून तिसरी अट पुरी होत नाही. पुण्याच्या हिंजवडीच्या वाहतुकीत रोज जाणारा वेळ हेच त्राण संपवतो, म्हणून हा प्रश्न मनुष्यबळ विभागाच्या कक्षेत धरायलाच हवा.

लहान गावांतील कर्मचारी : उदाहरणार्थ नांदुरा, बुलढाणा जिल्ह्यातील मुंबई–हावडा लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय (स्था. १९८३) पूर्वेला, मलकापूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय पश्चिमेला; म्हणून पदवी घराजवळ मिळते, नोकरी मात्र पुण्यात. मार्च २०२० नंतर घरून काम सुरू झाले, तेव्हा अशा गावांतील मुले पुण्यातल्या खोल्या सोडून परतली आणि पगार गावात खर्च होऊ लागला. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येणे आवश्यक केले. आईवडील आणि शेती मागे असलेल्या माणसाला नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील कार्यालयात बदली किंवा आठवड्यातील काही दिवसांची घरून कामाची मुभा पगारवाढीइतकीच धरून ठेवते. टिकाव-धोरणांत या गोष्टीला फार कमी जागा मिळते.

महिला कर्मचारी : प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे; ५० किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघर आवश्यक.

कपात : जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. गळतीच्या जाहीर आकड्यांत स्वेच्छेने गेलेल्यांवर भर असतो. कंपनीने काढलेल्यांचा हिशेब वेगळा पाहावा लागतो.